पोटखराब? : माळरान, कुरणशाळा आणि हजेरीपटाबाहेरची मुले

१/
काष्टीला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. श्रीगोंदा तालुक्यातले हे गाव म्हणजे दौंड–मनमाड लोहमार्गावरचे एक लहान स्थानक. पण शनिवारी भल्या पहाटेपासून बैल, म्हशी, शेळ्या-मेंढ्या घेऊन आसपासच्या तालुक्यांतली माणसे येथे लोटतात. माझी मावसबहीण याच परिसरात एका वस्तीवरच्या शाळेत शिकवते. तिच्या हजेरीपटात शनिवारच्या रकान्यात गैरहजेरीच्या खुणा नेहमीच अधिक. "बाजाराचा वार आहे," एवढेच ती म्हणते. आजचा धागा त्या रकान्यातून निसटलेल्या मुलांविषयी आहे, आणि उरलेले सहा वार ती ज्या माळावर दिसतात त्या माळाविषयीही.

२/
मुलांना परिसंस्था शिकवायची तर त्यांना वर्गाबाहेर न्यावे, ही कल्पना हल्ली शहरांत 'नेचर ट्रेल' नाहीतर 'इको कॅम्प' अशा नावांनी भेटते. टोपी, पाण्याची बाटली, दुर्बीण आणि बरेचसे शुल्क. त्यामुळे ही पद्धत परदेशातून आली, असा आपला समज होतो. महाराष्ट्रात मात्र या कल्पनेला स्वतःचा इतिहास आहे आणि त्याच्या मुळाशी गुराख्याच्या पोराची गैरहजेरी आहे. मुले आधीपासूनच बाहेर होती. शाळेला त्यांच्यापर्यंत जायला फार वेळ लागला.

३/
आधी माळाकडे पाहू, कारण माळाची गणना 'काहीच नाही' या सदरात कशी झाली, हे कळल्याशिवाय पुढचे उलगडत नाही.

पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा शेतसारा कसा ठरवायचा, हा कंपनी सरकारपुढचा मोठा प्रश्न होता. १८२०च्या दशकात आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी केली. हिशेब कागदावर सुरेख होता, रानात मात्र तो कोसळला. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूरपासून नव्याने सुरुवात केली. इंदापूर काष्टीपासून दूर नाही. मध्ये भीमा आहे. मातीचा रंग, खोली आणि दोष पाहून प्रत्येक तुकड्याची 'प्रतबंदी' व्हायची आणि मोल आण्यांत लिहिले जायचे. खोल काळ्या जमिनीला सोळा आणे. तेथून मुरूम वर येऊ लागला की आणे उतरत जात. जे नांगराखाली येणारच नाही, ते आकारणीतून वजा. सात-बाऱ्यावर आजही दिसणारा 'पोटखराब' हा शब्द याच हिशेबी परंपरेतला.

४/
येथे विंगेटला खलनायक करण्याचा मोह आवरायला हवा. इंदापूरच्या आकारणीत त्याने दर खाली आणले, आणि प्रिंगलच्या दराने गांजलेल्या रयतेला त्यातून श्वास घेता आला, हे खरे आहे. 'पड' जमीन पेशव्यांच्या दप्तरांतही आहे. ती इंग्रजांनी शोधून काढलेली नाही. पण दर उतरले तशी पड जमीन नांगराखाली आली, लागवडीचे क्षेत्र वाढले, आणि हाच या व्यवस्थेच्या यशाचा पुरावा ठरला. त्या पडीवर कोणाची मेंढरे चरत होती, याचा रकाना तक्त्यात नव्हता. सारा मोजणाऱ्या कागदाने चंडोल मोजावेत, अशी अपेक्षा करणेही अन्यायाचेच. अडचण पुढे झाली. साऱ्यासाठी केलेली विभागणी हळूहळू निसर्गाचीच विभागणी होऊन बसली.

५/
गंमत अशी, की जवळपास त्याच वर्षांत त्याच मुलखात दुसरा एक अधिकारी वेगळेच काही मोजत होता. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा १८२४ पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी प्रतिवेदक होता. लोकसंख्या, पिके, हवामान हे त्याचे काम; पण फिरता फिरता त्याने दख्खनचे पक्षी, प्राणी आणि पुढे मासेही नोंदवले. भारतीय लांडग्याचे शास्त्रीय वर्णन त्याने १८३१ मध्ये केले ते दख्खनच्या लांडग्यावरून. एका चंडोलाला आणि एका रातव्याला आजही त्याचे नाव आहे. म्हणजे मोजणीच्या तक्त्यात जो भाग रिकामा राहिला, तोच साइक्सच्या वहीत गजबजलेला दिसतो.

माळढोक दख्खनमध्ये मुबलक असल्याचेही त्याने लिहून ठेवले आणि पुरावा म्हणून सांगितले की एका 'सद्गृहस्थाने' हजारभर माळढोक मारले होते. पक्ष्याच्या विपुलतेचा पुरावा म्हणून त्याच्या मृत्यूंची संख्या! हे वाक्य मी ग्रंथालयात दोनदा वाचले.

६/
आता त्या माळावरच्या पोरांकडे येऊ. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. आपल्यापैकी अनेकांना ते सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीमुळे ठाऊक असते. त्यात एक साधे निरीक्षणही आहे: शेतकऱ्याची आणि गरिबाची मुले शाळेत येत नाहीत, कारण घरच्या दारिद्र्यामुळे ती गुरे राखायला आणि शेताकडे पाहायला लागतात. गैरहजेरीचे कारण आळस किंवा अडाणीपणा नसून काम आहे, असे सरकारी आयोगाला लेखी सांगितले गेले, ते असे.

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना फुल्यांनी दुसरी बाजू मांडली. १८७८ चा वन कायदा येऊन गेला होता. डोंगर, रानोमाळ आणि गायराने जंगलखात्याच्या घशात गेल्यामुळे गरिबाच्या शेरडाबकऱ्यांना रानाची हवा खाण्यापुरतीही जागा उरली नाही, असा त्यांचा आरोप आहे. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा. एकीकडे गुरे राखतो म्हणून मूल शाळेला मुकले, दुसरीकडे गुरे राखायची जागाही गेली. शिक्षणाचा आणि परिसराचा प्रश्न एकाच घरात राहतो, हे फुल्यांना दिसले होते. आपण मात्र हे दोन मजकूर दोन वेगळ्या विषयांच्या पेपरात वाचतो.

७/
विसाव्या शतकात वर्गाच्या भिंतींविषयीची शंका बरीच पसरली. शांतिनिकेतनची झाडाखालची शाळा (१९०१) सर्वांना माहीत आहे. मला अधिक रस आहे तो मुंबईशी जोडलेल्या एका स्कॉटिश म्हाताऱ्यात. पॅट्रिक गेडीस १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक होता. मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. स्वतःच्या मुलांना त्याने लहानपणी शाळेत न घालता बागेत आणि रानात शिकवले. कोणतेही गाव समजून घ्यायचे तर आधी पायी फिरून पाहा, मग पुस्तक उघडा, हा त्याचा आग्रह.

त्याने एक आकृती काढली होती: 'दरीचा छेद'. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीचे खोरे उभे कापून दाखवायचे आणि प्रत्येक उंचीवर तेथला माणूस उभा करायचा. वर खाणकामगार आणि लाकूडतोड्या, मग शिकारी, मग मेंढपाळ, खाली शेतकरी, शेवटी कोळी. ही आकृती भीमेवर ठेवून पाहा. भीमाशंकरच्या दाट रानातून निघालेली नदी पूर्वेला उतरते, पाऊस झपाट्याने कमी होतो, आणि दौंड–श्रीगोंद्याच्या पट्ट्यात येईपर्यंत आकृतीतला मेंढपाळ आपल्यासमोर काठी टेकून उभा असतो. मात्र गेडीसच्या मेंढपाळाच्या खाली पायथा आहे, आपल्या मेंढपाळाच्या शेजारी आता घोड आणि कुकडीचा कालवा आहे आणि कालव्यावर ऊस.

८/
'परिसंस्था' हा शब्द तेव्हा नव्हताच. इंग्रजीतला मूळ शब्द आर्थर टॅन्सली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये छापील वापरात आणला. सजीव आणि त्यांच्याभोवतीचे निर्जीव घटक मिळून एक व्यवस्था मानावी, असा त्याचा मुद्दा. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने नयी तालीमचा आराखडा केला. त्यात सूतकताईची चर्चा एवढी झाली, की सामान्य विज्ञानाच्या अभ्यासक्रमातले निसर्ग-निरीक्षण झाकोळून गेले. त्यावर स्वतंत्र धागा होईल. येथे पुढे सरकते.

९/
कारण मला ज्या ठिकाणी थांबायचे आहे, ते आहे कोसबाड.

ताराबाई मोडक (जन्म १८९२) भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणात काम करून तयार झालेल्या. नूतन बाल शिक्षण संघ १९२६ चा. माँटेसरींची पद्धत त्यांना मान्य होती, पण तिची साधने महाग, आणि ती वापरणारी मुले बहुधा खात्यापित्या घरांतली. हे ताराबाईंना सलत होते. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. या कामात त्यांना अनुताई वाघ यांची साथ मिळाली. अनुताई लहानपणी विधवा झालेल्या, स्वतः झगडून शिकलेल्या. ही जोडी ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७३ पर्यंत, टिकली.

१०/
बोर्डीत बालवाडी उघडली. पाड्यावरची मुले येईनात. आता येथे दोन मार्ग असतात. 'पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही' असा अहवाल लिहायचा, किंवा बालवाडी उचलून पाड्यावर न्यायची. त्यांनी दुसरे केले. घराच्या अंगणात जमेल तेवढी पोरे गोळा करायची, आंघोळी घालायच्या, गाणी, गोष्टी, खेळ. ही 'अंगणवाडी'. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा केंद्र सरकारने हाच शब्द घेतला. आज काश्मीरपासून केरळपर्यंत चालणारे हे नाव बोर्डीच्या मातीने भरलेल्या एका अंगणातून निघाले आहे.

११/
अंगणवाडीने लहानग्यांचा प्रश्न सुटला. थोडी मोठी मुले तरीही सापडेनात, कारण ती अंगणात नसतच. ती गुरांमागे कुरणात असत. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आले. डहाणू तालुक्यातला हा वारली वस्तीचा मुलूख. तेथे या मुलांसाठी जे केले गेले, त्याचे नाव 'कुरणशाळा'.

नावात सगळे आले. गुरे जेथे चरतात तेथे शिक्षकाने जायचे. झाडाची सावली हा वर्ग. गुरे वळवायला मधूनच उठून जाणारा विद्यार्थी गैरहजर ठरत नाही, कारण तास त्याच्या कामाच्या आखणीवर बेतलेला. पाने, बिया, खडे, काटक्या ही साधने; मोजणी त्यांच्यावर, चित्रे मातीवर. गवत कोणते, ते कोणते जनावर खाते, कोणते टाळते, पाऊस कोठून चढतो, याविषयी शिक्षकापेक्षा मुलालाच जास्त ठाऊक. मग शिकवायचे काय? तर मुलाच्या डोक्यात आधीच असलेल्या माहितीला क्रम द्यायचा, अक्षर द्यायचे, तिच्यावर 'का' हा प्रश्न ठेवायचा.

१२/
मला कुरणशाळेचे मोठेपण येथे वाटते. तिने निसर्ग 'दाखवला' नाही. सहलीला नेलेल्या मुलाला आपण पाहुणा करतो: हे बघ झाड, हा बघ पक्षी. कुरणातले मूल त्या परिसंस्थेचा एक घटक होते, गाय आणि गवत यांच्यामध्ये उभा असलेला. शाळेने त्याचे हे स्थान मोडले नाही. फुल्यांनी १८८२ मध्ये जी अडचण आयोगापुढे ठेवली, तिला कोणी थेट उत्तर दिल्याचे मला महाराष्ट्राच्या इतिहासात प्रथम दिसते ते येथे, आणि ते सरकारी आयोगाने नव्हे, टेकडीवर राहायला गेलेल्या दोन बायकांनी दिले.

ही पद्धत राज्यभर का पसरली नाही? शासकीय शाळा इमारत, पट आणि वेळापत्रक या तीन खांबांवर उभी असते. कुरणशाळेला तिन्ही नव्हते. तपासणीस आला तर त्याने पाहायचे काय, गुरे? शिवाय एक रास्त आक्षेपही आहे: गुराख्याला कुरणात शिकवले की तो गुराखीच राहील. बालमजुरीला सोयीची शाळा, असेही कोणी म्हणेल. मला हा आक्षेप फेटाळता येत नाही. आधी मूल शिकू दे, मग काम सुटेल, अशी ती पैज होती, आणि प्रत्येक मुलाच्या बाबतीत ती जिंकली गेली नसणार.

१३/
पुढची गोष्ट न्यायालयात घडते. महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. डिसेंबर २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा बजावावे लागले. हेतू उत्तम. माझ्या पिढीच्या वाट्याला त्यातून आला तो 'पर्यावरण प्रकल्प'. माझ्या शाळेत (नाव नको) तो स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळे. मी 'सदाहरित वनांतील अन्नसाखळी' या विषयावर चकचकीत चित्रे चिकटवून पैकीच्या पैकी गुण मिळवले. चित्रांत वाघ होता, हत्ती होता. शाळेच्या कुंपणापलीकडे खोकडाचे बीळ होते, त्याविषयी मला कोणी विचारले नाही आणि मलाही ते सांगण्याजोगे वाटले नाही.

निसर्ग म्हणजे जंगल, जंगल म्हणजे उंच झाडे, हे समीकरण असे पक्के होते. माळावर उंच झाडे नसतात, म्हणून तो निसर्ग नसतो. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. पुढे देशाच्या पडीक जमिनींचे नकाशासंग्रह निघाले आणि झुडपी माळ त्यांत 'पडीक' म्हणून रंगवला गेला. पोटखराबाचा नातू म्हणा. मग पडीक जमीन 'सुधारायला' तिच्यावर गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावायची. सावलीत गवत मरते, गवताबरोबर त्याच्यावर जगणारे सगळे. झाडे लावून परिसंस्था नष्ट होऊ शकते, हे वाक्य आजही वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात उच्चारून पाहा.

१४/
गेल्या आश्विनात मावसबहिणीने मला तिच्या मुलांना 'इतिहासाचे काहीतरी' सांगायला बोलावले. मी म्हटले, माळावर जाऊ. पाचवी-सहावीची बावीस मुले. पहिली वीस मिनिटे मी विंगेटवर व्याख्यान दिले. ते इतके पडले, की अर्धा वर्ग शेणाच्या पोहोभोवती उकिडवा बसून शेणाची गोळी ढकलणारा किडा पाहत होता. मी गप्प झाले आणि तेथे जाऊन बसले. बरे झाले.

किडा गोळी उलट्या पायांनी ढकलत होता. "ताई, हा कुठं नेतो?" बिळात. "कशापायी?" तिच्यात अंडे घालतो, अळी तेच खाते. "मग शेण जमिनीत जातं," एक मुलगी म्हणाली, "म्हणून वाडा बसवला की रान चांगलं येतं." शेतात मेंढरे बसवण्याची ही रीत तिच्या घरची. टॅन्सलीचा सिद्धान्त तिने एका वाक्यात, शेणापासून पिकापर्यंत, मांडला होता.

१५/
मग आम्ही खेळ खेळलो. सहा मुले झाली मोजणीदार. हातात काठी, वही आणि एक जुनी विळी. उरलेली मुले माळावरचे रहिवासी: कुसळी गवत, मारवेल, नाकतोडा, सरडा, चंडोल, टिटवी, ससा, खोकड, लांडगा, मेंढी, मेंढका, वाळवी, शेणातला किडा, पाऊस. मोजणीदारांनी माती उकरून खोली पाहायची आणि आणे जाहीर करायचे. वीतभर उकरले की मुरूम. "दोन आणे!" प्रमुख मोजणीदार बाईंनी फार निष्ठुरपणे सांगितले. "हे खराबात टाका."

आता रहिवाशांनी उभे राहून आपापला हक्क सांगायचा आणि ज्याच्यावर आपण जगतो त्याच्याकडे सुतळी द्यायची. सुतळीचा हा खेळ जुना आहे. अमेरिकेतल्या जोसेफ कॉर्नेल यांनी मुलांसाठीच्या निसर्गखेळांचे पुस्तक १९७९ मध्ये काढले, तेव्हापासून त्याचे अनेक अवतार जगभर खेळले जातात. त्यात मोजणीदार घालणे ही माझी भर. सुतळी गवताकडून नाकतोड्याकडे, तेथून चंडोलाकडे आणि सरड्याकडे गेली, मग इतकी गुंतली की कोणालाही हलता येईना.

१६/
लांडग्यावर भांडण झाले. बहुमत त्याला काढून टाका असे. शेवटी त्या घोळक्यातला एकच मुलगा, ज्याच्या घरी खरोखर मेंढरे आहेत आणि ज्याचे सर्वाधिक नुकसान लांडगा करतो, तो म्हणाला, "असू द्या त्याला. आजा म्हणतो, तो त्याचा वाटा नेतो. तो गेला का मोकाट कुत्री येत्यात, ती वाटा नाय, सगळंच फाडत्यात." धनगरांच्या कित्येक घरांत लांडग्याच्या वाट्याची ही समजूत आहे. मोकाट कुत्र्यांमुळे दख्खनच्या लांडग्यावर आलेले संकट, रोगाचे आणि संकराचेही, आज अभ्यासक मांडतात. त्या मुलाने तो पाठ आज्याकडून घेतला होता.

हा मुलगा हजेरीपटात महिन्यातले निम्मे दिवस नसतो.

१७/
माळढोकाचे काय, असे तुम्ही विचाराल. खेळात तोही होता. त्याला सुतळी देऊन मी बाहेर काढले आणि मुलांना सांगितले की हा पक्षी येथे होता.

१९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य घोषित झाले. श्रीगोंद्याचा भागही त्यात होता. एवढ्या क्षेत्रात गावे आली, शेते आली, बाजार आले. जमिनीचे व्यवहार अडले आणि माळढोक हा शब्द लोकांच्या तोंडी कडवट झाला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. पक्षी मात्र परतला नाही. वर्षाला बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर. अशा जिवाला कालवा, तारा, कुत्री आणि नांगर एकदम झेपले नाहीत. देशात आता दीडशेच्या आसपास उरले असावेत आणि बहुतेक राजस्थानात. शेजारच्या कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य (१९८०) अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. ते टिकले आहे, काळवीट सहज दिसतात. अलीकडे भीमेपलीकडे कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. लांडगा पाहायला पुण्याहून गाड्या येतात, हे ऐकून वर्गात हशा पिकला. "पैसं देऊन?"

१८/
परत येताना मावसबहिणीने एक कोरा कागद काढला आणि मुलांना म्हणाली, या माळाचा सात-बारा तुम्ही लिहा. जुन्या उताऱ्याची नक्कल समोर होती. 'पिके' या रकान्यात त्यांनी लिहिले: कुसळी, मारवेल, तरवड, बोरे, शेणातले किडे 'मोजले नाहीत', चंडोल ४, खोकडाचे बीळ १. 'पोटखराब'पुढे भोपळा काढला. 'इतर अधिकार' या रकान्यात बराच वाद होऊन 'मेंढरांचा वाडा' आणि त्याखाली 'लांडगा (वाटा)' अशी नोंद झाली. भोगवटादाराचे नाव रिकामे राहिले. त्यावर एकमत झाले नाही.

कागद वर्गाच्या भिंतीवर आहे. तो मुलगा दिवाळीनंतर वाड्याबरोबर निघाला. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असते. ते त्याच्याकडे दिले आहे, कोठल्या शाळेने पाहिले की नाही हे तो आखाडात परतल्यावर कळेल. जाताना त्याने वही मागून नेली. वाटेत कोणकोणत्या माळांवर मुक्काम पडतो ते लिहून आणणार आहे.

१९/
तुमच्या गावच्या माळाला नाव असेल तर खाली लिहा. गट नंबर नको, लोक ज्या नावाने हाक मारतात ते नाव. शक्य असल्यास तेथे आता काय उभे आहे तेही.

पुढचा धागा पेडगावचा: भीमेकाठचा बहादूरगड आणि त्याच्या परिसरातली मंदिरे.